झोपेला रकाना नाही

टेंभुर्णी मागे पडली तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते. लातूरचं लग्न उरकून आम्ही आठ जण पुण्याला परतत होतो. मागच्या सीटांवर सगळे एकमेकांच्या खांद्यांवर माना टाकून झोपलेले. पुढे ड्रायव्हरशेजारी मी. निघताना काकूने बजावलं होतं, ‘तू झोपू नकोस रे, त्याच्याशी बोलत बस.’ पण बोलण्यासारखं होतं ते बार्शीपर्यंतच संपलं. गाडी डावीकडे सरकते आहे हे मला आधी कानांनी कळलं. चाकांचा आवाज बदलला, डांबराची घरघर जाऊन बारीक खडीची करकर सुरू झाली. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे उघडे होते, हात स्टेअरिंगवर होते. मी दंडाला हात लावताच तो दचकला, गाडी सरळ केली आणि लगेच म्हणाला, ‘काही नाही साहेब, डोळा नाही लागला.’

इंदापूरच्या अलीकडे एक ढाबा उघडा दिसला, तिथे थांबायला लावलं. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून तो बराच वेळ गप्प उभा राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, ‘साहेब, खरं सांगतो. भीमेवरचा पूल कधी गेला, मला आठवत नाही.’

त्या पुलावरून आठ माणसं आणि तो नववा, असे आम्ही गेलो होतो.

विचारल्यावर कळलं, आदल्या रात्री दोन वाजता तो शिर्डीची खेप करून परतला होता. सकाळी सहाला आमच्या दारात हजर. म्हणजे जेमतेम तीन तासांची झोप, त्यावर पुणे ते लातूर, आणि मग परतीचा हा रस्ता. ‘आधी का नाही सांगितलंस?’ असं मी विचारलं, आणि विचारताक्षणीच उत्तर माझ्या लक्षात आलं. सांगितलं असतं तर भाडं दुसऱ्याला गेलं असतं.

दुपारचं एक दृश्य मला तेव्हा आठवलं. लग्न गोरज मुहूर्तावर होतं. आम्ही एकच्या सुमारास पोचलो, जेवलो आणि कार्यालयातल्या एसी खोल्यांत गाद्यांवर आडवे झालो. तीनच्या सुमारास मी बॅग आणायला गाडीपाशी गेलो. मे महिन्यातलं लातूरचं ऊन, सावलीला एक झाड नाही. तो पुढच्या दोन सीटांवर आडवा झाला होता, पाय दारातून बाहेर, तोंडावर ओला टॉवेल. शेजारी वरातीच्या डीजेचं टेस्टिंग चाललेलं. माझ्यासाठी उठला, डिकी उघडून दिली, पुन्हा आडवा झाला. मी वळतोय तोवर मामी आल्या, त्यांना साडीची पिशवी हवी होती. तो पुन्हा उठला. रात्री बाराला काका म्हणाले, ‘चला, रात्रीत पोचू. रस्ता मोकळा असतो.’ आम्ही सगळे ताजेतवाने होतो. ज्याच्या हातात गाडी होती त्याची झोप आम्हीच दिवसभर मोडली होती.

प्रवासात झोप कशी टाळावी याचे उपाय आपल्याकडे पुष्कळ सांगितले जातात. काच खाली करा, गाणी मोठ्याने लावा, तोंडावर पाणी मारा, लवंग चघळा, हिरवी मिरची दाताखाली धरा, चहा घ्या. ट्रकवाले मावा सांगतील, तंबाखू सांगतील. या सगळ्यांमागे एक समजूत आहे की झोप ही बाहेरून येणारी शत्रू आहे आणि मनाने खंबीर असलेला माणूस तिला परतवू शकतो. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यामुळे माणसं मरतात असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीत कोण जागं राहील आणि कोण पेंगेल हे किल्ली फिरवण्याआधीच ठरलेलं असतं. बहुतेक वेळा ते ड्रायव्हर ठरवत नाही. मालक ठरवतो, गिऱ्हाईक ठरवतं, लग्नाचा मुहूर्त आणि सोमवारचं ऑफिस ठरवतं.

जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. जितके तास जागे, तितका साठा जास्त, आणि तो उतरवण्याचा मार्ग एकच, झोप. चहा-कॉफीतलं कॅफिन हा साठा कमी करत नाही. अॅडेनोसिन जिथे जाऊन चिकटतं त्या जागा ते काही तास अडवून धरतं, एवढंच. कर्ज तसंच राहतं, फक्त सावकाराला दाराबाहेर थांबवलेलं असतं. दुसरी गोष्ट शरीरातल्या घड्याळाची. पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं आणि जागरूकताही. दुपारी जेवणानंतर एक छोटा उतार येतो. इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठातल्या जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी १९९५ मध्ये झोपेमुळे झालेल्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अपघातांची गर्दी पहाटे दोन, सकाळी सहा आणि दुपारी चार या वेळांभोवती दिसली. मोटरवेवरच्या अपघातांपैकी वीस टक्क्यांहून अधिक अपघात झोपेचे होते.

आपल्या भाषेला हे घड्याळ केव्हापासूनच माहीत आहे. पहाटेच्या त्या गाढ, गोड झोपेला आपण साखरझोप म्हणतो. दुपारच्या झोपेला नाही म्हणत, रात्री दहाच्या झोपेला नाही म्हणत. आणि नेमक्या त्याच वेळी गाडी काढायची ही आपली रीत. ‘तीनला निघू, ट्रॅफिक लागायच्या आत घाट उतरू.’ कोकणात जाणारी हजारो कुटुंबं हेच गणित मांडतात. साखरझोपेच्या वेळी घाटाची वळणं आणि समोरून येणाऱ्या ट्रकचे हेडलाइट, असा हा बेत. घरातल्या लहान मुलांना आपण त्या वेळी उठवत नाही, गादीसकट उचलून गाडीत ठेवतो. गाडी चालवणाऱ्याचं शरीरही त्याच गादीवर असतं, हे आपल्या मनात येत नाही.

खिडकीच्या काचेचं काय? हॉर्न आणि रेनर यांनीच १९९८ मध्ये हेही तपासलं. गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर झोपाळलेल्या लोकांना बसवून थंड हवा आणि रेडिओ यांचा उपयोग मोजला. झालाच तर थोडा वेळ फरक पडतो, टिकत नाही. त्यांच्या दुसऱ्या प्रयोगांत कामी आलं ते वेगळंच: कॉफी पिऊन लगेच पंधरा मिनिटांच्या आसपास डोळे मिटणं. कॅफिन रक्तात भिनायला साधारण वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढ्यात डुलकी होते, आणि उठताना दोन्ही एकदम लागू पडतात. त्यालाही मर्यादा आहे. तासा-दोन तासांचा आधार मिळतो, रात्र पार होत नाही. त्यांच्या कामातली आणखी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. स्टेअरिंगवर झोपलेला माणूस अचानक झोपत नाही. त्याला आधीपासून कळत असतं की झोप येते आहे, तो तिच्याशी झगडत असतो. म्हणजे थांबायला वेळ असतो. मग तो थांबत का नाही, हा खरा प्रश्न आहे.

तो थांबत नाही कारण थांबणं ही आपल्याकडे नामुष्की आहे. ‘मी एका दमात नागपूर गाठलं’ हे आपण कौतुकाने सांगतो आणि कौतुकाने ऐकतो. झोपेला आपल्या बोलण्यात आळसाच्या रांगेत बसवलेलं आहे. शाळेत डुलकी घेणारा झोपाळू, घरात उशिरा उठणारा कुंभकर्ण. दारू पिऊन गाडी चालवली असं कुणी चारचौघांत सांगितलं तर निदान दोघं तरी टोकतात. ‘दोन रात्री झोपलो नव्हतो, तरी आणली गाडी’ असं सांगणाऱ्याच्या पाठीवर थाप पडते.

ही दोन माणसं एकमेकांपासून फार दूर नाहीत. ऑस्ट्रेलियातले ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकेच अडखळतात. चोवीस तासांच्या जागरणानंतर ते प्रमाण ०.१०च्या आसपास जातं. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आता शुक्रवारी सकाळी सहाला उठलेला, दिवसभर ऑफिस केलेला, रात्री अकराला बायकामुलांना घेऊन मुंबईहून गावाकडे निघालेला चाकरमानी डोळ्यांसमोर आणा. सतरा तास निघतानाच पूर्ण झालेले आहेत. प्यायलेल्या माणसासाठी कायद्याने जी रेघ आखली आहे ती या माणसाने, थेंबभर न पिता, पनवेलच्या आधीच ओलांडली आहे. नाकाबंदीत पोलीस त्याला नळीत फुंकायला सांगतील, शून्य दाखवेल आणि जायला सांगतील. यात पोलिसांचा दोष नाही. झोप मोजणारी नळी त्यांच्या हातात कुणी दिलेलीच नाही.

झोप मोजली जात नाही, म्हणून ती कागदावरही येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. वाहतूक नियमभंगाच्या तक्त्यात त्या मृत्यूंची विभागणी आहे: अतिवेग, दारू किंवा अंमली पदार्थ, उलट्या बाजूने गाडी, सिग्नल तोडणं, मोबाइल, आणि इतर. सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात. झोपेला रकानाच नाही. पोलीस ठाण्यात फिर्याद लिहिली जाते तेव्हा तिची भाषाही ठरलेली असते: आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात चालवून. झोपलेल्या माणसाची गाडीही भरधावच असते, कारण झोपेत ब्रेकवर पाय जात नाही. पंचनाम्यात रस्त्यावर ब्रेक मारल्याची खूण मिळत नाही, गाडी सरळ दुभाजकावर किंवा उभ्या ट्रकच्या मागे आदळलेली असते, वेळ पहाटेची असते. खुणा सगळ्या सांगत असतात, पण नोंद वेगाची होते. मग उपायही वेगाचेच होतात. कॅमेरे लागतात, दंडाच्या पावत्या जातात. वेगावर लगाम हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या कारणाची मोजदादच नाही, त्यासाठी एक रुपयाही कुणी खर्च करणार नाही.

समृद्धी महामार्गाकडे या नजरेने पाहायला हवं. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला, ५ जून २०२५ला इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा. कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा. आठ तासांत मुंबई, असं वचन दिलं गेलं. रस्ता उत्तम आहे, विदर्भाला त्याची गरज होती, आणि त्याच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांतला मी नाही. पण जुन्या रस्त्यावर गावं लागायची, गतिरोधक लागायचे, म्हशी आडव्या यायच्या, वळणावर हॉर्न द्यावा लागायचा. दर दहा मिनिटांनी रस्ता ड्रायव्हरला हाक मारायचा. नव्या रस्त्यावर ती हाक नाही. समोर एकसारखं काँक्रीट, दोन्ही बाजूंना कुंपण, पाय एकाच जागी, मेंदूला काम नाही. डोळे उघडे राहतात आणि बघणं थांबतं, भीमेच्या पुलावर आमच्या ड्रायव्हरचं झालं तसं. ताशी १२० म्हणजे सेकंदाला तेहतीस मीटर. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटर गाडी कुणीच चालवत नाही.

१ जुलै २०२३च्या रात्री दीडच्या सुमारास याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून २५ जणांचा जीव गेला. नंतर टायरची चर्चा झाली, डिझेलच्या टाकीची झाली, दारांची झाली. त्या चालकाला झोप लागली होती असं मी म्हणत नाही. पण असे अपघात वाचताना माझी नजर आता आधी वेळेवर जाते. रात्रीच्या ट्रॅव्हल्सचा सगळा धंदा प्रवाशाने झोपावं आणि चालकाने जागावं यावर उभा आहे. तिकीट काढताना सीट पुशबॅक आहे का, एसी चालतो का, चार्जिंग आहे का हे आपण विचारतो. दुसरा ड्रायव्हर आहे का, आणि तो दिवसा कुठे झोपला, हे मी तरी आजवर विचारलं नव्हतं.

कायदा नाही असं नाही. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानेच चालकासाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहून ठेवली होती. साठ वर्षांपूर्वी लिहिलेलं ते शहाणपण पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरतं होतं. आपल्या रस्त्यांवरचे किती ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे आहेत, किती टूरच्या गाड्या हप्त्यावर घेतलेल्या आहेत, हे सर्वांना माहीत आहे. त्यांना खेपेवर पैसे मिळतात. झोपलेल्या तासांचे पैसे कुणी देत नाही. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटं थांबावंच लागतं, आणि ट्रकमधलं यंत्र त्याची नोंद ठेवतं. मालक म्हणाला तरी चालक पुढे जाऊ शकत नाही, आणि हाच त्या यंत्राचा मोठा उपयोग आहे. ‘नाही’ म्हणायची हिंमत एकट्या ड्रायव्हरने करायची नसते, त्याच्या वतीने ते यंत्र म्हणतं. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. चांगलंच आहे. उकाड्याने माणूस थकतो. पण एसी हा झोपेचा पर्याय नाही.

आणि झोपायचं कुठे? ट्रकवाला रस्त्याच्या कडेला गाडी लावून झोपला तर आपण त्याला शिव्या देतो, आणि त्या उभ्या ट्रकवर मागून येणारी कार आदळते तेव्हा दोष त्याचाच ठरतो. त्याने झोप आल्यावर चालवायचं नाही, आणि आपण त्याला थांबायला जागाही द्यायची नाही, अशी ही कोंडी आहे. दर पन्नास किलोमीटरवर उजेड, पाणी, संडास आणि ट्रक सुरक्षित उभा राहील असा तळ हवा. डिझेल चोरीला जाणार नाही एवढी राखण हवी, नाहीतर माणूस एक डोळा उघडा ठेवूनच झोपतो. टोल घेणाऱ्या रस्त्याकडून एवढी मागणी फार नाही.

लोक मला म्हणतात, भाजी, दूध, औषधं रात्रीच पोचली पाहिजेत, रात्रीचे रस्ते बंद करायचे का? नाही. रात्रपाळी कारखान्यातही असते. पण रात्रपाळीचा कामगार दिवसा झोपतो आणि ते सगळं घर मानतं, पोरांना दटावतं, ‘बाबा झोपलेत.’ रात्री गाडी चालवणाऱ्याला तोच मान मिळाला पाहिजे. आपल्या एसटीला हे कळत होतं. मुक्कामी गाडी ही तिचीच रीत. रात्री गावात गाडी उभी, चालक-वाहक मुक्कामाला, पहाटे तीच गाडी तालुक्याला. त्यांच्या निवाऱ्याची सोय अनेक ठिकाणी वाईट होती आणि आहे, डासांत झोपावं लागतं, हे मी लपवत नाही. पण आजची गाडी उद्या चालवायची तर मधे रात्र हवी, हे तत्त्व त्या वेळापत्रकातच होतं.

त्याहून जुनी आठवण बैलगाडीची. उसाच्या गाड्या रात्री कारखान्याकडे जाताना मी पाहिल्या आहेत. गाडीवान मोळ्यांवर पाय पसरून झोपलेला आणि बैल आपल्या चालीने रस्ता धरून चाललेले. शतकानुशतकं आपण अशी वाहनं हाकली ज्यांना रस्ता माहीत होता. झोपेबद्दलचा आपला सैलपणा तिथून आला असावा असं मला कधीकधी वाटतं. बैलासमोर खड्डा आला तर बैल थांबतो. गाडी थांबत नाही.

‘मी तीस वर्षं रात्रीच चालवतो, मला काही झालं नाही,’ असं म्हणणारे भेटतात. त्यांच्यावर माझा विश्वास आहे. ज्यांना झालं ते सांगायला येत नाहीत.

त्या रात्री इंदापूरच्या अलीकडे आम्ही त्याला ढाब्यावरच्या बाजेवर झोपायला सांगितलं. मागच्या सीटवरून कुरकुर झाली. कुणाला सकाळची मीटिंग होती, कुणाचं बाळ उठलं होतं. तो आडवा झाला आणि मिनिटभरात घोरायला लागला. दोन तासांनी उजाडल्यावर स्वतःच उठला, तोंड धुतलं आणि पुण्यापर्यंत एक शब्द न बोलता नीट गाडी चालवली. दारात पोचल्यावर काकांनी ठरलेल्या भाड्यावर त्याच्या हातात पाचशे रुपये जास्त ठेवले. लातूरला कार्यालयाजवळच्या लॉजवर त्याच्यासाठी दिवसभराची एक खोली तेवढ्यातच मिळाली असती.

तामिळनाडू सरकारने २०२३ मध्ये इमारतींच्या नियमांत दुरुस्ती करून हॉटेल आणि लॉजना गाड्यांच्या चालकांसाठी झोपण्याची सोय सक्तीची केली. महाराष्ट्रात मंगल कार्यालयं, भक्तनिवास, रिसॉर्ट यांच्यासाठी असाच नियम व्हायला हवा, आणि त्यासाठी आपल्या आमदारापर्यंत जाणं अवघड नाही. पण नियम येईपर्यंत थांबू नका. लग्नसराई तोंडावर आहे. पाहुण्यांच्या खोल्या सांगताना एक खोली ड्रायव्हरची सांगा, तिच्या दाराला आतून कडी आहे ना बघा, गाडीची किल्ली तुमच्या जवळ ठेवा आणि निघायच्या वेळेपर्यंत त्याला कुणी हाक मारणार नाही याची जबाबदारी घरातल्या एकाने घ्या.